सुनांची रांग

आमच्या कामाचं नाव ऐकूनच लोक दचकायचे. मी नोकरीला लागले तेव्हा आईने शेजारणींना सांगून टाकलं की पोरगी मोठ्या दवाखान्यात आहे. गावोगाव फिरून रक्त गोळा करते असं खरं खरं सांगितलं असतं तर नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत माझ्या लग्नाचं घोडं तिथेच अडलं असतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एक प्राध्यापक जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या भागांतल्या माणसांच्या रक्तातल्या खुणा मोजत होते. रक्तगट ही एक खूण, रक्तातल्या तांबड्या द्रव्याचे प्रकार ही दुसरी, अशा आणखी काही. आईबापांकडून पोरांकडे जाणाऱ्या या खुणा. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात एखादी भरपूर सापडावी, मालेगावकडे दुसरीच सापडावी, आणि मधल्या सपाटीवर दोन्ही थोड्या थोड्या दिसाव्यात, तर त्यावरून कोण कुठून आलं आणि कुणात मिसळलं याचा अंदाज बांधता येतो. सर त्याला संगम म्हणायचे. संगम, प्रवाह, असले शब्द सरांना फार आवडत. मी त्यांची टेक्निशियन. सुई मी टोचायची, बाटल्या मी बर्फात ठेवायच्या, आणि लोकांची बोलणीही मीच खायची.

गावात पोचलं की पहिला प्रश्न ठरलेला. बाई, आडनाव काय? मी सांगायची. मग गाव कुठलं? तेही सांगायची. मग नाशकात राहायला कुठल्या भागात? समोरचा माणूस मागच्या दाराने माझ्या जातीपर्यंत पोचायला बघतोय हे कळलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मग मीच सांगून मोकळी व्हायची, आम्ही बौद्ध, आणि आता दंड पुढे करा, सुईला यातलं काही कळत नाही. निम्मे हसायचे. उरलेल्यांना अचानक घरचं काम आठवायचं. सर म्हणायचे, तुमच्या तोंडामुळे माझी माणसं कमी होतात. मी म्हणायची, सर, माझ्या तोंडामुळे नाही, माझ्या आडनावामुळे होतात. यावर ते चष्मा पुसत बसायचे.

तर सायखेड्याच्या पलीकडचं, गोदावरीच्या काठचं एक गाव. दिवाळी नुकतीच झाली होती. सरांनी आदल्या दिवशी चावडीवर सगळं समजावून सांगितलं. एकाच घरातल्या चार जणांचं रक्त घेतलं तर तेच ते मोजलं जाईल, म्हणून घरटी एकच माणूस हवा. गावातली मोठी माणसं माना डोलावत होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर आम्ही टेबल मांडलं आणि बघतो तर काय, रांगेत सगळ्या बायका. डोक्यावर पदर, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि एकमेकींना पुढे ढकलणं चाललेलं. सरांना तर आभाळ ठेंगणं झालं. इतर गावांत बाई टेबलापर्यंत आणायची म्हणजे नाकी नऊ येत, आणि इथे गावाने आपणहून बायका पुढे केल्या. किती पुढारलेलं गाव आहे बघा, असं ते मला तीन-चारदा म्हणाले. मलाही ते खरं वाटलं. मी मनातून खूश होते.

त्या रांगेत एक विशी-बाविशीची बाई होती, कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. मुलीच्या डोळ्यांत पिवळी झाक होती आणि हातांची बोटं सुजून टम्म झालेली. मी विचारलं, हिला काय होतंय? बाई म्हणाली, "तिनं आंग दुखस." म्हणजे तिचं अंग दुखतं. बागलाणकडची अहिराणी. मी मालेगावात दोन वर्षं काढली होती, त्यामुळे मला ती कळायची आणि आवडायचीही. मी म्हटलं, माहेर तिकडचं का? तर तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. मन्हं माहेर सटाण्याकडे शे, म्हणाली, आणि सुई कधी आत गेली हे तिला कळलंसुद्धा नाही.

नाशकाला येऊन मी तपासण्या केल्या. कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा आणि पट्टीतून विजेचा प्रवाह सोडायचा, की तांबडं द्रव्य पुढे सरकतं. नेहमीचं पुढे जातं, विळ्याचं मागे राहतं. विळ्याचं म्हणजे ज्याच्यामुळे रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात ते. ते एकाच पालकाकडून आलं असेल तर पट्टीवर दोन रेघा उमटतात, आणि त्या माणसाला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडूनही आलं असेल तर एकच रेघ, मागे राहिलेली, आणि मग दुखणं. त्या बाईच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मला लगेच तिच्या मुलीची बोटं आठवली.

सरांचं लक्ष मात्र साऱ्या गावाच्या आकड्यांवर होतं आणि त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. त्या एका गावात सगळं होतं. डोंगराकडच्या खुणा, खानदेशाकडच्या, सिन्नरच्या बाजूच्या, सगळ्या. इतकं मिसळलेलं गाव त्यांना जिल्ह्यात दुसरं सापडलं नव्हतं. गोदावरीच्या काठी शेकडो वर्षांचा संगम, असं ते बोलायला लागले. मुंबईला जाऊन निबंध वाचायची तयारीसुद्धा सुरू झाली.

संक्रांतीच्या सुमारास रक्तगटाच्या चिठ्ठ्या वाटायला आम्ही परत गेलो. बायकांनी तिळगूळ आणला होता. चिठ्ठी घ्यायची, तिळगूळ द्यायचा, आणि दोन शब्द बोलायचे. एक म्हणाली, माझ्या माहेरी चांदवडला अशी सुई कुणी टोचली नाही. दुसरी दिंडोरीची निघाली, तिसरी सिन्नरची, चौथी थेट मालेगावच्या पलीकडची. मी आपलं सहज विचारलं, तुमच्यात या गावची लेक कोण? सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. गावच्या लेकी गावात कशाला राहतील, बाई, त्या गेल्या आपापल्या सासरी! मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आम्ही घरटी एक माणूस मागितला होता. कांद्याच्या लागणीच्या दिवसांत बाप्यामाणसाचं रक्त काढून घेतलं तर त्याची रग जाणार, त्या घरात जन्मलेल्या पोरापोरींचं द्यायचं तर घराचं रक्त कमी होणार. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी एकमताने ठरवलं, सुनांना धाडा.

सर जीपच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, म्हणजे आपण सगळ्या जिल्ह्याचं रक्त एका ओट्यावर गोळा केलं आणि त्याला या गावाचं नाव दिलं. मला इतकं हसू फुटलं की तिळगूळ घशात अडकला. सरांनी आधी माझ्याकडे रागाने बघितलं, आणि मग तेही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेकडो वर्षांचा संगम! तो दर लग्नसराईत एसटीने येत होता.

ते हसू तिथेच संपलं. त्या मुलीला बघायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. घर सुखवस्तू, अंगणात कांद्याची चाळ, ओट्यावर मुलीचा आजा, म्हणजे त्या बाईचा सासरा, आणि कोपऱ्यात तिचा नवरा. सासू दारात. मी मुलीच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. आमचा सूक्ष्मदर्शक बरोबर होता, त्याखाली त्या पेशी माझ्या डोळ्यांदेखत वाकल्या. आणि सरांनी, चांगल्या मनाने हं, अंगणात सगळ्यांच्या समोर सांगून टाकलं की हा रक्ताचा आजार आहे आणि याची खूण तुमच्या सुनेच्या रक्तात आम्हाला सापडली आहे.

सासूला तेवढंच हवं होतं. तालुक्याच्या एका डॉक्टरने तिला आधीच सांगितलं होतं की हा डोंगराकडच्या लोकांत दिसणारा आजार. ती म्हणाली, मी म्हणत नव्हते, हिने माहेराहून आणलंय? आमचं रक्त चोख हाय. मी मध्ये पडले. म्हटलं, मावशी, हा आजार एकट्या आईकडून येतच नाही. बापाकडूनही आला पाहिजे, तेव्हाच पोराला होतो. यावर तिने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि माझं आडनाव विचारलं. मी काय बोलले असते देव जाणे, पण सरांनी मला ओढतच बाहेर आणलं.

आम्ही जीपपाशी आलो तर मागून ती बाई आली, हंडा घेऊन, पाण्याचं निमित्त करून. इकडेतिकडे बघून म्हणाली, आखाजीला माझा भाऊ मुराळी येईल, मला न्यायला. हे मला धाडतील. मग परत आणायला कुणी येणार नाही. दुसरी बघायचं ठरलंय.

आमच्याकडे कुणी आखाजी फारशी करत नाही, पण मला मालेगावामुळे ठाऊक होतं. खानदेशातल्या लेकी अक्षय्य तृतीयेला माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. भाऊ न्यायला येतो आणि सासरचं माणूस परत आणायला जातं. ते माणूस गेलंच नाही तर भांडण नको आणि काडीमोड नको, बाई आपोआप माहेरची होऊन बसते. नाशिक येईपर्यंत मी सरांशी भांडत होते. म्हटलं, सर, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत आणि उरलेली अर्धी त्या नवऱ्याच्या दंडात बसली आहे. नाशिक आल्यावर सर म्हणाले, नाहीतरी गावातल्या पुरुषांचं रक्त आपल्याला घ्यायलाच लागणार आहे, चुकलेलं काम नीट करायचं तर. पण एक लक्षात ठेवा. यापुढे ज्याचं रक्त त्यालाच सांगायचं. दुसऱ्या कुणाला नाही, रागाच्या भरातसुद्धा नाही. हे शेवटचं माझ्यासाठी होतं, आणि मी तसा शब्द दिला.

होळीनंतर आम्ही तिसऱ्यांदा गेलो. या वेळी सरांनी गावात जन्मलेले पुरुष मागितले आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. जो तो दुसऱ्याला पुढे करत होता. त्या घरी तर आजा पंचांग काढून बसला, आज नको, उद्या बघू. नवरा भिंतीला टेकून उभा, नजर जमिनीत. दोन-तीन शेजारी गंमत बघायला आलेले. तेवढ्यात सासू आतून आली, टेबलापाशी बसली आणि हात पुढे केला.

"माझं घे. आमच्या घरचं काय असतं ते बघ तरी."

सर नम्रपणे म्हणाले, आजी, तुमचं नको, आम्हाला याच गावात जन्मलेली माणसं हवीत, तुम्ही बाहेरून आलेल्या.

बाप रे. ती ताडकन उठलीच. "केस पांढरे झाले या घरात माझे. मी बाहेरची?"

तिची सून दारात उभी होती, मुलीला घेऊन. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, पण मी बघितलं. मी सरांना म्हटलं, सर, घेऊ द्या, आणि सासूच्या दंडाला पट्टा बांधला. म्हातारीने हात दिला म्हटल्यावर मग पुरुषांची अब्रू जायला लागली. आजा बसला, नवरा बसला, धाकटा दीर बसला. शेजाऱ्यांनाही मग पळता येईना.

आजाची पट्टी साफ आली. धाकट्या दिराचीही. नवऱ्याच्या पट्टीवर दोन रेघा होत्या, आणि सासूच्या पट्टीवरही. मी ती तपासणी पुन्हा केली, मग परत केली. खरं सांगते, मला आनंद झाला. इतका झाला की मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या पिटल्या. कधी एकदा त्या अंगणात जाते आणि सगळ्यांच्या देखत ही पट्टी तिच्या नाकासमोर धरते असं मला झालं होतं. पण सरांना शब्द दिला होता.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही गेलो. सटाण्याचा भाऊ आलेला होता, ओट्यावर आजाबरोबर चहा पीत होता. सरांनी नवऱ्याला विहिरीकडे नेलं, मीही बरोबर होते, आणि त्याचं त्याला समजावून सांगितलं. तुमच्याकडूनही आलंय. दोष कुणाचाच नाही. मुलीला जपलं, भरपूर पाणी पाजलं, थंडीवाऱ्यात सांभाळलं, ताप आला की लगेच दवाखान्यात नेलं, तर ती मोठी होईल, शाळेत जाईल. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, घरात बोलू नका, बाई. आणि बैल सोडायला निघून गेला. मला असा संताप आला की त्याला तिथेच विहिरीत ढकलावं. ज्याचं रक्त त्यालाच सांगितलं होतं, आणि त्याने ते गिळून टाकलं होतं. आत त्याची बायको गाठोडं बांधत होती.

मग राहिली सासू. ती मागच्या पडवीत चुलीवर गव्हाचा चीक हाटत होती, कुरडयांसाठी. मी शेजारी उकिडवी बसले. ती म्हणाली, आता काय आणि? मी म्हटलं, मावशी, तुमचं रक्त तपासलं, ते तुम्हालाच सांगायला आले. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. आणि मी सांगितलं. हळू आवाजात, जमेल तितकं सोपं करून, की ही खूण तुमच्यात आहे, तुमच्याकडून मुलाकडे गेली, आणि मुलाकडून नातीकडे. सुनेकडूनही गेली, पण एकटीकडून नाही. वाटेत घोळवलेल्या टोचून बोलायच्या वाक्यांपैकी मला त्या वेळी एकही आठवलं नाही.

चीक हाटताना हात थांबवायचा नसतो, नाहीतर गुठळ्या होतात. तिचा हात थांबला. तिला वाटलं मी खोटं बोलतेय, असं मला वाटलं. पण ती चुलीकडे बघतच म्हणाली, दिंडोरीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याला माझं माहेर. माझा धाकटा भाऊ असाच होता. हातपाय धरून रडायचा रातभर. आई त्याला वीट तापवून शेकायची. गेला तो, पोरसवदाच गेला. आणि माझ्या आईला सगळे म्हणायचे, तुझ्याच पोटाचा दोष. मी तेव्हा बारकी होते, मीपण म्हणायची.

मला तिची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. ही बाई नातीचा आजार पहिल्या दिवसापासून ओळखून होती. भावाचं दुखणं तिने नातीच्या बोटांत बघितलं होतं, आणि भीतीने सगळं सुनेच्या पदरात टाकलं होतं. तिने पातेलं चुलीवरून उतरवलं. आतला चीक वाया गेला होता. मग हात धुतले, पदर सारखा केला आणि मला न विचारता बाहेर ओट्यावर गेली. मी मागोमाग गेले.

ओट्यावर आजा, सुनेचा भाऊ, सर. सुनेचा नवरा बैलाचं दावं हातात घेऊन अंगणात. सून गाठोडं घेऊन दारात आलेली. सासू आजाच्या समोर उभी राहिली. आपल्या नवऱ्याच्या समोर ती अशी उभी राहिलेली त्या घराने कधी बघितली नसावी, कारण आजाने चहाची बशी खाली ठेवली.

"पोरीचं दुखणं माझ्याकडनं आलंय," ती म्हणाली. "या बाईने तपासलं. माझ्यातनं तुमच्या लेकात, आणि लेकातनं नातीत. हिला धाडायचं असंल ना, तर आधी मला धाडा माहेरी. बघू द्या, माझा मुराळी कोण येतो ते."

तिच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. मग सुनेचा नवरा दावं टाकून पुढे आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, खरं हाय, आबा. माझ्यात बी हाय. पोरीला गारठ्यापासनं जपायचं, असं सांगितलंय यांनी. आजाने टोपी काढली, मांडीवर झटकली, परत घातली. बराच वेळ त्याने आपल्या बायकोकडे बघितलं. मग सुनेच्या भावाकडे वळला.

"पाव्हणं, आखाजी झाली की पौर्णिमेच्या आत मी स्वतः येतो न्यायला. तवर पोरीला गार पाण्यात खेळू देऊ नका."

सुनेच्या हातातलं गाठोडं सासूने घेतलं, खाली ठेवलं, सोडलं आणि त्यात मुलीचा लोकरी स्वेटर घातला. चैत्र-वैशाखाच्या त्या उन्हात.